गोळा सोळा मीटर, पण कोणत्या वर्गात?

वाचकांचे प्रश्न

पॅरिस येथे २८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २०२४ या काळात झालेल्या, दिव्यांग खेळाडूंच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताच्या ८४ खेळाडूंच्या पथकाने ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य अशी एकूण २९ पदके मिळवली. या कामगिरीविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी केवळ अभिनंदनाची पत्रे बाजूला ठेवून, ज्यांत नेमकी शंका विचारलेली आहे अशी काही पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : त्याच पॅरिसमध्ये ऑलिंपिकला आपण ११७ खेळाडू पाठवले आणि सहा पदके मिळाली, पॅरालिम्पिकला ८४ पाठवले आणि एकोणतीस मिळाली. याचा अर्थ या स्पर्धेतील पदके मिळवणे सोपे असते, असा घ्यावा काय? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : तसा अर्थ घेता येणार नाही, मात्र दोन्ही आकडे शेजारी मांडून तुलना करणेही योग्य नव्हे, आणि ही तुलना त्या दिवसांत अनेकांनी उत्साहाच्या भरात केली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३२९ सुवर्णपदकांसाठी स्पर्धा झाली, तर पॅरालिम्पिकमध्ये ५४९ सुवर्णपदकांसाठी. भालाफेकीचा प्रकार एकच असला तरी एक हात नसलेल्यांची भालाफेक निराळी, कृत्रिम पाय लावून धावणाऱ्यांची निराळी आणि कमी उंचीच्या खेळाडूंची निराळी, अशी व्यंगानुसार वर्गांत विभागणी असल्यामुळे पदकांची एकूण संख्याच मोठी असते. चीनने पॅरिसमध्ये ९४ सुवर्णांसह २२० पदके जिंकली, आणि एकोणतीस पदके घेऊनही आपला देश पदकतालिकेत अठराव्या स्थानी राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या आकड्याचे खरे माप कळते.

याचा अर्थ भारताची प्रगती दिखाऊ आहे असा मात्र मुळीच नाही. १९६८ साली तेल अवीव येथे भारताने प्रथम भाग घेतला तेव्हापासून २०१६च्या रिओ स्पर्धेपर्यंत, म्हणजे जवळपास अर्ध्या शतकात, आपली पदके होती अवघी बारा. रिओला १९ खेळाडू गेले आणि चार पदके आली. टोकियोला ५४ गेले आणि एकोणीस आली. पॅरिसला ८४ गेले आणि एकोणतीस. पथक मोठे झाले म्हणून पदके वाढली, असे वरवर पाहता वाटेल, परंतु पात्रता गाठल्याशिवाय या पथकात कोणी जाऊ शकत नाही, त्यामुळे पथकाचे मोठे होणे ही स्वतःच एक कामगिरी आहे. टोकियोपासून बॅडमिंटनचा समावेश झाला, त्याचाही आपल्याला मोठा लाभ झाला : तेथे चार आणि पॅरिसमध्ये पाच पदके केवळ या एका खेळातून आली. पॅरिसमधील उरलेल्या पदकांपैकी सतरा मैदानी स्पर्धांची, चार नेमबाजीची, दोन तिरंदाजीची आणि एक ज्युदोचे.

कोणता प्रकार स्पर्धेत ठेवला जातो आणि कोणता वगळला जातो, यावर एखाद्या खेळाडूची सारी कारकीर्द कशी अवलंबून असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण देवेंद्र झाझरिया यांचे आहे. डावा हात गमावलेल्या या भालाफेकपटूने २००४ साली अथेन्समध्ये ६२.१५ मीटरच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. त्यानंतर २००८च्या बीजिंग आणि २०१२च्या लंडन स्पर्धेत त्यांच्या वर्गासाठी भालाफेकच ठेवलेली नव्हती. ऐन उमेदीची बारा वर्षे त्यांना या स्पर्धेविना काढावी लागली. हा प्रकार रिओमध्ये परत आला, तेव्हा पस्तिशीत पोचलेल्या झाझरियांनी ६३.९७ मीटर भाला फेकून स्वतःचाच विश्वविक्रम मोडला आणि दुसरे सुवर्ण घेतले. टोकियोत त्यांना रौप्य मिळाले, त्या वेळची त्यांची फेक ६४.३५ मीटर म्हणजे रिओपेक्षाही लांब होती. सध्या ते भारतीय पॅरालिम्पिक समितीचे अध्यक्ष आहेत. मुंबईच्या मानसी जोशी यांच्या वाट्यालाही असाच प्रसंग आला. २०१९ साली बासेल येथे त्या बॅडमिंटनच्या जगज्जेत्या झाल्या, परंतु टोकियोत त्यांच्या वर्गात महिला एकेरीच नव्हती; ती पॅरिसमध्ये आली, तेव्हा विश्वविजेतेपदाला पाच वर्षे उलटून गेली होती.

प्रश्न : आमच्या सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटरचे रौप्य मिळवले, तर होकाटो सेमा यांना १४.६५ मीटरला कांस्य मिळाले. दोघांनी गोळाच फेकला, मग दोघांची स्पर्धा एकत्र का नाही? एफ-४६, एफ-५७ हे आकडे नेमके काय सांगतात? (माध्यमिक शिक्षिका, विटा)

उत्तर : आपला प्रश्न या सर्व पत्रांतील सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वर्गीकरण समजले नाही तर या खेळांतील कोणताच आकडा समजत नाही. आमच्या वृत्तपत्रांनी खेळाडूचा अपघात कसा झाला, आईने काय सोसले, हे रकाने भरून लिहिले, पण त्याचा वर्ग कोणता हे पुष्कळदा एका ओळीतही दिले नाही, याची खंत येथे नोंदवून पुढे जातो.

‘एफ’ हे अक्षर फेकीच्या प्रकारांसाठी आणि ‘टी’ हे धावणे व उडी यांसाठी वापरतात. पुढच्या आकड्यातील दशकाचे स्थान व्यंगाचा प्रकार सांगते. अकरा ते तेरा हे वर्ग दृष्टिदोष असलेल्यांचे; वीस हा बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा; तिशीतले वर्ग मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरील ताबा कमी झालेल्यांचे; चाळीस आणि एक्केचाळीस हे कमी उंचीच्या खेळाडूंचे; बेचाळीस ते सत्तेचाळीस हे हात किंवा पाय अधू असूनही कृत्रिम पायाविना, उभ्याने खेळणाऱ्यांचे; पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे; आणि साठीतले कृत्रिम पाय लावून उतरणाऱ्यांचे. बहुतेक गटांत आकडा जितका लहान तितका व्यंगाचा परिणाम अधिक, हा ढोबळ नियम ध्यानात ठेवला तरी पुष्कळ उलगडा होतो.

आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी हे एफ-४६ वर्गातील आहेत. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्यांच्या डाव्या हाताला इजा झाली आणि पुढे तो हात पूर्ववत झाला नाही. ते उभ्याने, वर्तुळात पाय फिरवून, सर्व शरीराचा झोक घेऊन गोळा फेकतात आणि त्यांच्या वर्गात गोळ्याचे वजन ६ किलो असते. नागालँडचे होकाटो होतोझे सेमा हे सैन्यात असताना सुरुंगस्फोटात पाय गमावलेले जवान असून ते एफ-५७ वर्गात, आसनावर बसून, ४ किलोचा गोळा फेकतात. बसलेल्या माणसाला पायांचा रेटा वापरता येत नाही; त्याला खांदा, पाठ आणि कंबर यांवरच भागवावे लागते. तेव्हा १६.३२ आणि १४.६५ या दोन आकड्यांत मोठा कोणता, हा प्रश्नच उद्भवत नाही. खिलारींची तुलना करायची तर ती त्याच वर्गातील कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्ट यांच्याशी करावी. ते १६.३८ मीटरला सुवर्ण घेऊन गेले. म्हणजे अंतर होते अवघे सहा सेंटिमीटर. खिलारींची फेक हा त्यांच्या वर्गातील आशियाई विक्रम होता.

पन्नाशीच्या गटातच एफ-५१ हा अतिशय तीव्र परिणाम असलेल्यांचा वर्ग आहे. या खेळाडूंची बोटेही नीट वळत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी क्लब नावाची लहान लाकडी गदेसारखी वस्तू फेकण्याचा प्रकार ठेवलेला आहे. पॅरिसमध्ये त्यात धरमबीर यांच्या पहिल्या चारही फेकी बाद झाल्या आणि पाचवी ३४.९२ मीटरवर पडली. तेवढ्या एका फेकीवर सुवर्ण मिळाले. प्रणव सूरमा ३४.५९ मीटरसह दुसरे आले. धरमबीर यांना या खेळाची वाट दाखवणारे अमित सरोहा हेही त्याच अंतिम फेरीत खेळत होते, ही गोष्ट आम्हांला पदकापेक्षाही अधिक मोलाची वाटली.

बॅडमिंटनमध्ये हीच कल्पना निराळ्या रीतीने येते. पायाचे व्यंग अधिक असलेल्या एसएल-३ वर्गात एकेरीचा सामना मैदानाच्या उभ्या अर्ध्या भागातच खेळतात, कारण खेळाडूला झटकन बाजूला सरकणे कठीण असते. नितेश कुमार यांनी सुवर्ण जिंकले ते या वर्गात. आपल्याच जिल्ह्यातील सुकांत कदम हे त्याहून कमी व्यंग असलेल्यांच्या एसएल-४ वर्गातील, म्हणून त्यांना पूर्ण मैदानावर खेळावे लागते. कांस्यपदकाच्या लढतीत ते इंडोनेशियाच्या फ्रेडी सेतियावान यांच्याकडून हरले.

प्रश्न : व्यंग किती आहे हे ठरवणार कोण? व्यंग वाढवून दाखवणारे लबाडही असतीलच ना? (वकील, नागपूर)

उत्तर : असतात, आणि त्याचा मोठा धक्का या चळवळीने एकदा खाल्लेला आहे. २०००च्या सिडनी स्पर्धेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्ण जिंकले, आणि पुढे उघडकीस आले की त्या बारा जणांच्या संघातील दहा खेळाडूंना अशी कोणतीही अक्षमता नव्हतीच. त्याची शिक्षा मात्र सर्वांना झाली : बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंना २०१२च्या लंडन स्पर्धेपर्यंत पॅरालिम्पिकचे दार बंद राहिले.

वर्गनिश्चिती करणाऱ्या मंडळात वैद्यकीय आणि खेळाच्या तंत्राची जाण असलेल्या व्यक्ती असतात. त्या कागदपत्रे पाहतात, स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल मोजतात, आणि गरज भासल्यास खेळाडूला प्रत्यक्ष स्पर्धेत खेळतानाही पाहतात. ज्यांचे व्यंग बदलण्याजोगे असते त्यांचा वर्ग ‘पुनर्तपासणीस पात्र’ असा नोंदवला जातो, आणि ती तपासणी कधीकधी ऐन स्पर्धेच्या तोंडावर होते. टोकियोत थाळीफेकीच्या एफ-५२ वर्गात विनोद कुमार यांनी १९.९१ मीटरसह कांस्यपदक मिळवले. त्यांच्या वर्गाविषयी हरकत घेतली गेली, मंडळाला त्यांना तो वर्ग देता आला नाही आणि निकाल रद्द झाला. मिळालेले पदक असे हातचे जाणे क्लेशकारक असते हे खरे. परंतु त्या वर्गातील इतर खेळाडूंच्या बाजूने पाहिले तर हरकतीची सोय असणे किती आवश्यक आहे, हे आपल्यासारख्या कायद्याच्या अभ्यासकाला आम्ही सांगायला नको.

याच ओघात आणखी एका वाचकाच्या शंकेचे उत्तर देतो : इराणी खेळाडूची फेक अधिक लांब असताना सुवर्ण नवदीप सिंग यांना मिळाले, ते वर्गीकरणामुळे काय? नवदीप सिंग यांना एफ-४१ वर्गातील भालाफेकीचे सुवर्ण मिळाले, त्यात वर्गीकरणाचा काही संबंध नव्हता. इराणच्या सादेग बेत सायाह यांची फेक ४७.६४ मीटर, नवदीप यांची ४७.३२ मीटर. परंतु इराणी खेळाडूला गैरवर्तनाबद्दल दोन वेळा पिवळे कार्ड मिळाले होते. आपल्या राष्ट्रध्वजाऐवजी भलताच ध्वज फडकावणे हा त्यांतला एक दोष. दोन पिवळ्यांचे एक लाल झाले आणि ते बाद ठरले.

प्रश्न : वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणारा पहिला भारतीय म्हणून अभिनव बिंद्रा यांचे नाव शाळेत शिकवले जाते. आमच्या भागात मुरलीकांत पेटकर यांचे नाव घेतात. खरे कोणते? (ग्रंथपाल, इस्लामपूर)

उत्तर : दोन्ही खरी आहेत, फक्त स्पर्धा वेगळ्या आहेत. बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे सुवर्ण मिळवले. आपल्या इस्लामपूरलगतच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांनी त्याच्या छत्तीस वर्षे आधी, १९७२ साली, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण मिळवले होते. ते सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि त्यानंतर त्यांनी पोहणे हाती घेतले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधील पहिले पदक होय. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. या तारखांवर आम्ही वेगळे भाष्य करीत नाही.

त्या वर्षीचे ऑलिंपिक म्युनिकमध्ये झाले, मग पेटकरांची स्पर्धा हायडेलबर्गला का, असेही आपण विचारले आहे. त्या काळी ऑलिंपिक भरवणाऱ्या शहराने पॅरालिम्पिकही भरवावे असा दंडक नव्हता. म्युनिकचे क्रीडाग्राम खासगी घरांसाठी द्यायचे असल्याचे कारण सांगितले गेले. १९८० साली मॉस्कोने नकार दिला, म्हणून नेदरलँड्समधील आर्नेममध्ये खेळ झाले. १९८८च्या सोल स्पर्धेपासून दोन्ही खेळ एकाच शहरात, त्याच मैदानांवर भरू लागले.

आणखी एक बाब आपल्या ग्रंथालयातील मुलांना सांगण्याजोगी आहे. पेटकरांनंतर आजवर एकाही भारतीयाला पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे पदक मिळालेले नाही. पॅरिसच्या पथकात जलतरणपटू होते ते एकच, आणि तेही महाराष्ट्राचे : करमाळा तालुक्यातील सुयश जाधव, ज्यांनी लहानपणी विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावले. फेकीच्या प्रकारांत आपण एवढे पुढे गेलो आणि पाण्यात मात्र जिथल्या तिथे राहिलो, याचे एक साधे कारण असे की भाला आणि मोकळे रान तालुक्याच्या गावीही मिळते. बारमाही, उतरायला सोयीचा आणि प्रशिक्षक असलेला तलाव मिळत नाही.

प्रश्न : सिमरन शर्मा यांच्यासोबत धावणाऱ्या पुरुषालाही पदक मिळते काय? तो त्यांना ओढत नेतो असे मला दूरचित्रवाणीवर वाटले. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : मिळते. सिमरन यांनी टी-१२ वर्गात २०० मीटर धावण्याचे कांस्य २४.७५ सेकंदांत जिंकले तेव्हा त्यांचे मार्गदर्शक धावपटू अभय सिंग हेही पदकाचे मानकरी ठरले. मात्र ओढण्याला किंवा ढकलण्याला सक्त मनाई आहे. दोघांच्या हातांत एक छोटी दोरी असते, आणि अंतिम रेषा खेळाडूने मार्गदर्शकाच्या आधी ओलांडावी लागते. टी-११ वर्गात मार्गदर्शक अनिवार्य असून खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी असते. टी-१२ मध्ये मार्गदर्शक घेणे ऐच्छिक. टी-१३ मध्ये घेता येत नाही. प्रत्येक जोडीला दोन मार्गिका द्याव्या लागत असल्यामुळे अशा अंतिम शर्यतीत चारच खेळाडू असतात. एवढ्या वेगात दोघांची पावले आणि हातांचे झोके जुळवणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे. आपल्याला ते ओढण्यासारखे वाटले, याचे कारण दोघांतील अंतर अगदीच कमी होते.

प्रश्न : माझा भाऊ कर्णबधिर असून उत्तम धावतो. त्याला पॅरालिम्पिकला जाता येईल काय? (अकोला)

उत्तर : नाही. पॅरालिम्पिकमध्ये शारीरिक, दृष्टिविषयक आणि बौद्धिक मिळून दहा प्रकारची व्यंगे मान्य आहेत. श्रवणदोष त्यांत येत नाही. कर्णबधिरांचे स्वतंत्र जागतिक खेळ, म्हणजे डेफलिम्पिक, पॅरालिम्पिकहून जुने आहेत. ते १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झाले आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोत भरले. आपल्या भावाने त्या दिशेने प्रयत्न करावा.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाचा उजवा हात कोपरापासून नाही. तो शाळेत धावण्यात पहिला येतो. त्याच्याकडे ६० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे. एवढ्यावर तो या खेळांत उतरू शकतो का? सुरुवात कोठून करावी? (एक माता, दिंडोरी तालुका)

उत्तर : ताई, प्रथम एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे, कारण अनेक पालक त्यात अडकतात. सरकारी प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि खेळातील वर्ग यांचा परस्परांशी थेट संबंध नाही. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे नोंदलेली आहेत आणि ४० टक्क्यांची मर्यादा सवलतींसाठी आहे. खेळात मात्र असे पाहतात की मान्य दहा प्रकारांपैकी एखादे व्यंग आहे काय, आणि ते त्या विशिष्ट खेळात कामगिरीवर ठरावीक किमान परिणाम करते काय. त्यामुळे ७० टक्क्यांचे प्रमाणपत्र असलेला एखादा मुलगा अपात्र ठरू शकतो आणि त्याहून कमी टक्क्यांचा पात्र ठरू शकतो. आपण लिहिलेल्या वर्णनावरून आपला मुलगा धावण्याच्या टी-४६ किंवा टी-४७ या वर्गांत बसण्याची शक्यता आहे, परंतु शेवटचा शब्द वर्गनिश्चिती मंडळाचाच असतो.

प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र यांच्या प्रती, जन्मदाखला आणि शाळेतील स्पर्धांची प्रशस्तिपत्रके एका फाइलमध्ये लावून आपण नाशिक येथील जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जावे आणि राज्याच्या पॅरा मैदानी स्पर्धांची चौकशी करावी. राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धा, राष्ट्रीय पातळीवर प्राथमिक वर्गनिश्चिती आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निवड झाली तर तेथे पुन्हा वर्गनिश्चिती, असा क्रम असतो. खेलो इंडिया पॅरा खेळही डिसेंबर २०२३ पासून सुरू झालेले आहेत. या वयात मुलाला एकाच अंतरात जखडू नये. शंभर, दोनशे आणि चारशे मीटर तिन्ही धावू द्यावे आणि लांब उडीही करू द्यावी. झाझरियांचे उदाहरण वर दिलेच आहे : आज असलेला प्रकार उद्याच्या यादीत असेलच असे नाही, म्हणून दोन-तीन प्रकार हाती असलेले बरे. एक हात नसल्यामुळे धावताना खांद्यांचा तोल एका बाजूला जातो. तो सावरण्याचे व्यायाम शिकवणारा प्रशिक्षक शोधावा.

आपल्याच जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या तोरणडोंगरीचे दिलीप गावित यांनी हांगझोऊ येथील आशियाई पॅरा खेळांत टी-४७ वर्गाच्या ४०० मीटरचे सुवर्ण ४९.४८ सेकंदांत जिंकले आणि पॅरिसमध्ये त्यांनी याच प्रकाराची अंतिम फेरी गाठली. मुलाची ४०० मीटरची वेळ आज किती आहे ती एकदा घड्याळ लावून मोजावी, तारखेसह वहीत लिहून ठेवावी, आणि ती वही क्रीडा अधिकाऱ्यांकडे जाताना सोबत न्यावी.